सतरा फुटी कनूची शाकारणी

वजनकाटा एकच होता, म्हणून आधी कनूचं, म्हणजे कॅनव्हास लावलेल्या लाकडी वल्हवायच्या होडीचं, एक टोक त्यावर टेकवलं, मग दुसरं. ४७ आणि ४५. बेरीज ९२ पौंड, म्हणजे जवळजवळ ४२ किलो. या बांध्याची सतरा फुटी कनू पंचाहत्तर-ऐंशी पौंडांच्या आसपास भरायला हवी. वरचे बारा-पंधरा पौंड आले कुठून, या प्रश्नापासून दुरुस्तीला सुरुवात झाली. काही पौंड रंगाचे होते, एकावर एक चढवलेल्या थरांचे. काही पाण्याचे होते, आणि ते पाणी जिथे मुरलं होतं तिथे लाकूड कुजत होतं.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो, बॉस्टनच्या पश्चिमेला. सडबरी नदी घरापासून दहा मिनिटांवर. शेजारच्या आजोबांनी घर विकून मुलीकडे राहायला जायचं ठरवलं, तेव्हा गॅरेजमागे उपडी पडलेली ही कनू त्यांनी मला दिली. १९८३ मध्ये तिचा कॅनव्हास आपण स्वतः बदलला होता, एवढंच त्यांना नक्की आठवत होतं. मी रत्नागिरीकडचा. लहानपणापासून होड्या पाहिल्या, पण लाकडाच्या होडीला कापड का लावतात हे मला त्या दिवशीपर्यंत ठाऊक नव्हतं.

या प्रकारची कनू मूळची मेन राज्यातली, पेनॉब्स्कॉट नदीकाठची. तिथले मूळ रहिवासी असलेले पेनॉब्स्कॉट लोक भूर्जाच्या सालीची कनू बांधत. आकार, आतल्या बारीक बरगड्या, एका माणसाला खांद्यावर नेता येईल इतका हलकेपणा, हे सगळं त्यांचं. पुढे मोठ्या झाडांची अखंड साल मिळणं अवघड झालं आणि सालीच्या जागी कॅनव्हास आला. १८७० च्या दशकानंतर बँगॉर गावात अशा कनू विक्रीसाठी बनू लागल्या. १८९८ च्या सुमारास ओल्ड टाउन गावात एका हार्डवेअर दुकानाच्या मागे जो उद्योग सुरू झाला, त्याची पुढे ओल्ड टाउन कनू कंपनी झाली. पेनॉब्स्कॉटांची वस्ती असलेलं बेट त्या गावासमोरच नदीत आहे, आणि या कनूंच्या कारखान्यांत त्यांच्यातल्या अनेकांनी काम केलं. ही गोष्ट प्रत्येक वेळी सांगितली गेली पाहिजे असं मला वाटतं.

आमची कनू ओल्ड टाउनचीच निघाली. टोकाशी आतल्या लाकडावर अनुक्रमांक ठोकलेला असतो आणि त्याच्यापुढे लांबीचे फूट. साठलेला काळा मळ ओल्या ब्रशने घासल्यावर आकडे वर आले, शेवटी १७. कंपनीने प्रत्येक कनूमागे एक कार्ड ठेवलं होतं आणि त्यातली बहुतेक आज जपलेली आहेत. क्रमांक कळवल्यावर आमच्या कार्डाची प्रत मिळाली. ओटका मॉडेल (ओल्ड टाउन कनू या शब्दांतूनच जुळवलेलं नाव), सीडर या हलक्या लाकडाच्या, तांबड्या जातीच्या पट्ट्या, वरच्या काठपट्ट्या स्प्रूसच्या, दोन्ही काठांना जोडणाऱ्या आडकाठ्या आणि बैठकी अ‍ॅशच्या, तळाला बाहेरून लाकडी कणा, रंग गडद हिरवा, १९४९ च्या वसंतात रवाना. कॅनव्हास कोणत्या तारखेला चढवला आणि त्याची वीण बुजवणारं भरण कधी घातलं, हेही त्यावर होतं. ते कार्ड हातात धरून मी बराच वेळ बसून राहिलो.

फायबरग्लास की कॅनव्हास

इथल्या मित्रांपैकी निम्म्यांचं मत ठाम होतं: जुना कॅनव्हास फाडून टाक, फायबरग्लासचं कापड आणि एपॉक्सी राळ चढव, आयुष्यभराची कटकट संपेल. हा सल्ला देणाऱ्यांना मूर्ख म्हणता येणार नाही. अशी कनू पाणी धरत नाही आणि दहा-पंधरा वर्षं छान चालतेही. मग नको का म्हटलं?

कनूची रचना समजली की उत्तर आपोआप मिळतं. आधी आतल्या बरगड्या, पांढऱ्या सीडरच्या, जेमतेम ८ मिलिमीटर जाड, वाफेवर वाकवलेल्या. त्यांच्यावर लांबीच्या दिशेने ४ मिलिमीटरच्या पट्ट्या. दोन्ही एकमेकांना धरून ठेवतात त्या पितळी चुका, म्हणजे बारीक खिळे. त्या बाहेरून ठोकतात. आतून लोखंड टेकवलेलं असतं, त्यावर टोक आदळून उलटं वळतं आणि बरगडीत परत रुततं. हजारो चुका, आणि सगळ्यांची डोकी कॅनव्हासखाली. या पट्ट्यांमधल्या फटी कोणी बुजवत नाही. पाणी अडवण्याचं काम फक्त कॅनव्हासचं.

म्हणजे एक बरगडी बदलायची तरी बाहेरून चुका काढाव्या लागतात, आणि त्यासाठी कॅनव्हास उतरवावा लागतो. कॅनव्हास लाकडाला चिकटवलेला नसतो, नुसता ताणून काठाशी ठोकलेला असतो. अर्ध्या तासात निघतो. एपॉक्सी लाकडाला घट्ट धरून बसते. पुढची दुरुस्ती करणाऱ्याला ती गरम हवेने मऊ करून खरवडावी लागते, आणि तिच्याबरोबर सीडरच्या ढलप्याही निघून येतात. शिवाय सीडर ओलाव्याने फुगतं, उन्हाने आकसतं. ताणलेलं कापड ते सहन करतं, कडक कवच करत नाही. आतून शिरलेला ओलावा बाहेरच्या कवचाशी अडकून राहतो आणि कूज तिथेच सुरू होते.

आमच्या संगमेश्वराकडच्या जुन्या घरात दर वैशाखात शाकारणी व्हायची. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला टाकायची, आणि कौलं खाली आल्यावरच माझे आजोबा वासे-रिपा ठोकून पाहायचे, वाळवी लागली आहे का, कुठे पोकळ वाजतंय का. कौल फुटण्यासाठीच असतं, वासा टिकला पाहिजे, असा तो हिशेब होता. कनूचा कॅनव्हास म्हणजे तिची कौलं. तीस-चाळीस वर्षांनी तो उतरवायचा आणि त्या निमित्ताने लाकूड बघून घ्यायचं, ही सोय बांधणाऱ्यांनी ठेवलेली आहे. फायबरग्लास चढवणं म्हणजे छपरावर सिमेंटची स्लॅब ओतून वाशांची चौकशी कायमची बंद करणं. निर्णय तिथेच झाला.

उघडल्यावर काय दिसलं

ऑक्टोबरमध्ये बाहेरच्या काठपट्ट्या काढल्या आणि कॅनव्हास सोडवला. जुन्या रंगात आणि भरणात शिसं असण्याची शक्यता दाट असते. या देशात घरगुती रंगात शिसं घालायला १९७८ मध्ये बंदी आली, तरी १९८३ च्या कॅनव्हासबद्दल खात्री नव्हती, कारण कॅनव्हासच्या जुन्या भरणात शिशाचा सफेदा सर्रास असे. चाचणीची काडी घासली, लाल झाली. त्यामुळे सुकं घासणं पूर्ण टाळलं, मास्क लावून कॅनव्हास अखंड उतरवला, गुंडाळला आणि गावाच्या घातक कचरा गोळा करण्याच्या दिवशी देऊन आलो. मुलीला तेवढे दिवस गॅरेजमध्ये येऊ दिलं नाही.

आतल्या काठपट्टीवर चुकांच्या भोकांच्या दोन ओळी होत्या. एक १९४९ ची, दुसरी १९८३ ची, म्हणजे शेजारच्या आजोबांची आठवण बरोबर होती. पण दुसऱ्या वेळच्या चुका लोखंडी होत्या. प्रत्येकीभोवती काळा डाग आणि त्या डागात नखाने टोचलं तर आत जाईल इतकं मऊ लाकूड. पितळी आणि लोखंडी चुकांच्या किमतीत तेव्हा फार तर काही डॉलरचा फरक असेल.

खरी कूज टोकांना होती. पुढच्या टोकाचं वळणदार लाकूड वरून दोन-अडीच इंच भुसा झालेलं. आतल्या काठपट्टीची दोन्ही टोकं, त्यांच्यामधली त्रिकोणी फळी, शेजारच्या बरगड्यांचे शेंडे, सगळं गेलेलं. कनू उपडी ठेवली की तिचा सगळ्यात खालचा भाग म्हणजे ही टोकं. जमिनीला टेकून कित्येक हिवाळे ती पानांच्या ओल्या थरात बसली होती. मधला भाग मात्र खणखणीत होता. ४८ बरगड्यांपैकी सात मोडलेल्या, त्यातल्या पाच बैठकीच्या आसपास ओळीने. कोणीतरी खडकावर जोरात घातली असणार.

माझी चूक

नोव्हेंबरमध्ये आतलं जुनं व्हर्निश काढायचं होतं. मध्ये मध्ये येतात म्हणून बैठकी काढल्या आणि त्यांच्याबरोबर आडकाठ्याही. बाहेरच्या काठपट्ट्या आधीच निघालेल्या होत्या. आठवड्याने सहज टेप लावला तर मध्यावरची रुंदी ३६ इंचांवरून पावणेअडतीसवर गेली होती. बरगड्या वाफेवर वाकवलेल्या असल्या तरी त्यांना मनातून सरळच व्हायचं असतं. आडकाठी हा त्यांना बांधून ठेवणारा पट्टा आहे, ती बसण्यासाठी किंवा पाय अडकवण्यासाठी नाही. हे मी वाचलेलं होतं, आणि तरी काढली.

कनू परत आवळायला बारा दिवस गेले. गरम पाण्यात भिजवलेले टॉवेल बरगड्यांवर टाकायचे, काठाला पट्टे बांधून पाव-अर्धा इंच ओढायचे, रात्रभर थांबायचं, परत टॉवेल. शेवटी सव्वाछत्तीसवर आणून कच्च्या फळ्यांच्या तात्पुरत्या आडकाठ्या ठोकल्या आणि अगदी शेवटपर्यंत त्यांना हात लावला नाही. ज्यांच्या हातात आज अशी कनू आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं हेच, की आडकाठी काढायची असेल तर आधी तिच्या शेजारी दुसरी बांधा.

बरगड्या

सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इथे. पहिल्या खेपेला मी लाकडाच्या वखारीतून सीडर आणलं, सरळ रेषांचं, सुंदर दिसणारं. वाफेत ठेवलं, वाकवलं, आणि चारपैकी तीन काड्या कोरड्या फांदीसारख्या मोडल्या. भट्टीत वाळवलेलं लाकूड होतं ते. भट्टीच्या उष्णतेने एकदा कडक झालेलं लाकूड वाफेला पूर्वीसारखं ऐकत नाही. दुसऱ्या खेपेला मेनमधल्या एका लहान करवतवाल्याकडून हवेवर वाळलेलं पांढरं सीडर मागवलं. गाठ नसलेलं, रेषा टोकापासून टोकापर्यंत धावणारं. ते रंध्याने ८ मिलिमीटरवर आणलं, दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवलं. भिंतीचा कागद सोडवायला जे वाफेचं यंत्र मिळतं ते प्लायवुडच्या लांब पेटीला जोडलं. इंचाच्या जाडीला एक तास असा जुना हिशेब आहे, त्याने आमच्या बरगडीला वीस-पंचवीस मिनिटं पुरली.

वाकवायला साचा लागतो. कारखान्यात अखंड लाकडी साचा असतो, त्यावर लोखंडी पट्ट्या, आणि पूर्ण कनू त्यावर उपडी बांधतात. आपल्याकडे साचा नसतो, पण कनू असते. बरगडी तिच्या पाठीवरच वाकवायची. मात्र मोडलेल्या बरगडीच्या बरोबर वर नव्हे. बाहेरचा घेर आतल्यापेक्षा पट्टी आणि बरगडीच्या जाडीइतका मोठा असतो, म्हणून एक-दोन बरगड्या टोकाच्या बाजूला सरकून, जिथे कनू किंचित अरुंद आहे तिथे वाकवली की आत नेमकी बसते. पेटीतून काढल्यापासून वाकवेपर्यंत हातात काही सेकंदच असतात. मी मध्य दाबून धरायचो, बायको एका बाजूने आणि मुलगी दुसऱ्या बाजूने खाली ओढून बांधायची. लाकूड हाताखाली दोरासारखं वळतं, तो क्षण मी कोणत्याही छंदात अनुभवला नव्हता. दुसऱ्या खेपेतली एकही मोडली नाही.

सातपैकी पाच बदलल्या. उरलेल्या दोन नुसत्या तडकल्या होत्या. त्यांच्या मागच्या बाजूने, म्हणजे पट्टी काढून, तडा पटाशीने उथळ कोरला आणि त्यात सीडरचीच पातळ कळी चिकटवली. आतून पाहिलं तर जुनी बरगडी तशीच दिसते. जुनं लाकूड वाचवता येत असेल तर वाचवावं, असं माझं मत या कामात घट्ट होत गेलं.

टोकाचं लाकूड कापून नव्या अ‍ॅशचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडला, उतार एकास आठ. काठपट्ट्यांच्या टोकांना स्प्रूस, एकास बारा. पट्ट्या एकूण अकरा फूट बदलल्या. दबलेल्या जागी ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली, तर निम्म्याहून अधिक पोचे फुगून वर आले. कणा मात्र परत लावला नाही. त्याचे स्क्रू कॅनव्हासमधून आरपार जातात आणि गळतीची सुरुवात बहुधा तिथून होते. भोकांत सीडरच्या खुंट्या मारल्या. कार्डावर कणा लिहिलेला होता, त्यामुळे ही एक जागा मूळ रूपापासून ढळलेली आहे, आणि पुढे कोणाला तो हवा वाटला तर लाकूड जपून ठेवलं आहे. आतून व्हर्निशचे चार हात आणि बाहेरून टर्पेंटाइनने पातळ केलेलं जवसाचं उकळलेलं तेल. आपले रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात तेच. तेलाची फडकी गोळा करून टाकू नयेत, ती आपोआप पेट घेतात. आम्ही ती कुंपणावर एकेक पसरून वाळवली.

कॅनव्हास

दहा नंबरचा सुती डक (जाड, घट्ट विणीचं कापड), चौरस मीटरला साधारण पाचशे ग्रॅमचा, साठ इंच पन्ह्याचा, वीस फूट. तो मधोमध दुमडून दोन्ही टोकं लाकडी चिमट्यात पकडली. एक चिमटा मेपलच्या झाडाला, दुसरा हातविंचला. कापडाची झोळी तयार झाली, अगदी बाळाच्या झोळीसारखी, आणि कनू सरळ बाजूने तिच्यात ठेवली. आत फळ्या आणि वाळूच्या पिशव्यांचं वजन. मग विंचचा दांडा एकेक खटका. कापड आधी कुरकुरतं, मग सुरकुत्या एकामागून एक जिरतात आणि ते कनूच्या पोटाला जाऊन भिडतं. मध्यापासून सुरू करून प्रत्येक बरगडीशी रुंद तोंडाच्या पकडीने कापड वर ओढायचं आणि काठपट्टीत चुका मारायच्या, या वेळी पितळी. टोकाशी कापड चिरून एकावर एक दुमडायचं. सकाळी नऊला सुरू केलेलं काम दुपारी तीनला संपलं. टिचकी मारली तर ढोलकीच्या चाटीसारखा आवाज आला, आणि मुलगी त्यानंतर तासभर टिचक्याच मारत होती.

नंतर गॅसच्या ज्योतीने वरची लव झरझर जाळली आणि भरण घातलं: जवसाचं तेल, मिनरल स्पिरिट, बारीक सिलिका, थोडा एनॅमल, वाळण्यासाठी ड्रायर. सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून मिसळताना मास्क हवाच. हे भरण ब्रशने लावायचं आणि कॅनव्हासचाच हातमोजा घालून तळव्याने गोल गोल चोळायचं, कापडाची वीण दिसेनाशी होऊन पृष्ठभाग चमकेपर्यंत. गॅलनभर पुरलं.

मग सहा आठवडे काही करायचं नाही. घाईने रंग चढवला तर खालचं भरण कच्चं राहतं आणि वरून रंग तडकतो. बाहेर जून सुरू होता, नदी भरलेली होती, आणि कनू गॅरेजमध्ये वाळत होती. त्या सहा आठवड्यांत बाहेरच्या काठपट्ट्या केल्या, चारही बाजूंनी व्हर्निश लावून, कारण आत दडणारी बाजू कोरी राहिली की पाणी तिथेच मुरतं. नंतर गडद हिरव्या एनॅमलचे तीन पातळ हात. चौथा मोहाने लावावासा वाटला, पण ९२ पौंडांचा आकडा आठवला.

पुन्हा त्याच काट्यावर दोन्ही टोकं टेकवली. ३८ आणि ३६. एकूण ७४, म्हणजे साडेतेहेतीस किलो. हिशेबवहीत २१० तास आणि साहित्याचे साधारण ७८० डॉलर लिहिलेले आहेत. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी सडबरीत उतरवली आणि वल्हवत असाबेट नदी तिला मिळते तिथपर्यंत, म्हणजे जिथून पुढे तिचं नाव कॉन्कर्ड होतं त्या खडकापर्यंत गेलो. पहिल्या तासात मागच्या बैठकीखाली चमचाभर पाणी आलं. घरी येऊन पाहिलं तर टोकाच्या पितळी पट्टीचा एक स्क्रू लुकणाशिवाय बसवलेला होता.

आता ठेवायची कशी

कनू पाण्यात असतानाच चढायचं-उतरायचं, वाळूवर ओढायची नाही. घरी आल्यावर उलटी करून काठपट्टीखालची वाळू धुवायची. दर तीन-चार वर्षांनी आतून व्हर्निशचा एक हात. खरचटलं तर त्याच आठवड्यात तिथे रंग. ठेवताना उपडी, दोन लाकडी आधारांवर, टोकं अधांतरी, छपराखाली. प्लॅस्टिकची ताडपत्री गुंडाळणं हा इथला सगळ्यात मोठा शत्रू आहे. आत घाम धरतो आणि सीडर कुजतं. आमच्याकडचे कोळी पावसाळ्यात होड्या ओंडक्यांवर चढवून नारळीच्या झापांनी शाकारतात. वरून पाणी नको आणि बाजूने वारा हवा, एवढंच त्यात बघितलेलं असतं. मी गॅरेजमागे तसाच उघड्या बाजूंचा मांडव केला.

तिसऱ्या हिवाळ्यानंतर, या एप्रिलमध्ये तपासताना मागच्या टोकाच्या त्रिकोणी फळीखाली बोट फिरवलं तर किंचित ओल लागली. लाकूड घट्ट आहे, डाग नाही. कारण शोधायला दोन दिवस गेले. मांडवाचा मागचा आधार मातीत रुतून दोन इंच खचला होता, त्यामुळे दवाचं पाणी घरंगळून त्याच टोकाशी थांबत होतं. आधाराखाली दगडी फरशी घालून तो वर घेतला, फळीखाली वारा खेळावा म्हणून दोन्ही स्क्रू सैल केले, आणि दर रविवारी ओलावा मोजून वहीत लिहितो आहे. पहिल्या दिवशी २४ टक्के होता, काल १७. पंधराच्या खाली आला की स्क्रू परत आवळेन आणि तिथे व्हर्निशचा एक हात देईन.